दिव्यांग प्रमाणपत्र ते दरमहा अनुदान: अर्ज कसा करावा आणि अडला तर काय करावं

महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तीला दरमहा अनुदान मिळवायचं तर दोन कचेऱ्या ओलांडाव्या लागतात. पहिली आरोग्य खात्याची. तिथून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र मिळतं. दुसरी महसूल खात्याची, म्हणजे तहसील कार्यालयातली संजय गांधी योजना शाखा. तिथून अनुदान मंजूर होतं. काय अडलंय हे एकीला दुसरीचं ठाऊक नसतं आणि मधे चकरा मारतो तो अर्जदार. म्हणून सुरुवातीपासून एक गोष्ट धरून ठेवा: दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. पोच म्हणजे तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. पुढची प्रत्येक मुदत, प्रत्येक अपील त्या तारखेपासून मोजलं जातं. तोंडी दिलेल्या अर्जाला तारीख नसते, आणि तोंडी नकारावर अपील करता येत नाही.

कुणाला किती

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून दरमहा 2500 रुपये आहेत, आधी 1500 होते. दिव्यांगत्व किमान 40 टक्के, वय 18 ते 65, राज्यात 15 वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत, अशा अटी आहेत. इतर निराधारांसाठी उत्पन्नाची मर्यादा 21,000 आहे. खिडकीवर कुणी 21,000 चा आकडा सांगून परत पाठवलं, तर दिव्यांगांसाठी मर्यादा वेगळी आहे हे तिथेच सांगा. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना लागू होते, तिथेही दिव्यांगांना वाढीव रक्कम आहे. दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असेल, तर केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तीवेतन योजना याच शाखेतून जोडली जाते. केंद्राचा 300 रुपयांचा वाटा याच रकमेत धरलेला असतो, तो वेगळा मागायचा नसतो.

लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या भगिनींनी आधी विचार करावा. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा 1500 किंवा जास्त मिळत असतील, तर लाडकी बहीणमध्ये पात्रता राहत नाही. दोन्ही घेत राहिलं तर पुढे वसुलीची नोटीस येऊ शकते.

प्रमाणपत्र: खरी मेहनत इथेच

1 जून 2021 पासून प्रमाणपत्र फक्त केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच मिळतं. अर्ज मोबाइलवरून स्वतः करता येतो किंवा आपले सरकार केंद्रातून. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्ज भरला की नोंदणी क्रमांक येतो. तो वहीत लिहून ठेवा, कारण केंद्रचालकाने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला असेल तर पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात. नंबर तुमचाच टाकायला लावा.

नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव आधारवर आहे तसंच अक्षर न् अक्षर भरा. आधारवर ‘सुमनबाई’, यूडीआयडीवर ‘सुमन’ असं झालं की तहसीलमध्ये त्रुटी निघते आणि मग दुरुस्तीसाठी पुन्हा रुग्णालय गाठावं लागतं.

रुग्णालय निवडताना राहत्या जिल्ह्यातलं निवडता येतं, किंवा जिथे उपचार चालू आहेत वा झाले आहेत तेही. दुसऱ्या पर्यायाचा फायदा मोठा असतो: जुने केसपेपर तिथेच असतात.

आता सर्वात जास्त नुकसान करणारी चूक. बरेच जण अर्जात एकच प्रकार निवडतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 21 प्रकार आहेत आणि दोन असतील तर दोन्ही लिहायचे असतात. रुग्णालयातलं तपासणी करणारं वैद्यकीय मंडळ टक्के सरळ बेरीज करून काढत नाही, त्याचं सूत्र ठरलेलं आहे: मोठा आकडा ‘अ’ आणि लहान ‘ब’ धरला, तर एकूण = अ + ब × (90 − अ) ÷ 90. समजा एक डोळा पूर्ण गेला आहे. त्याला 30 टक्के मिळतात, आणि एवढ्यावर अनुदान बसत नाही. पण त्याच माणसाच्या पायाचं दिव्यांगत्व 20 टक्के असेल तर 30 + 20 × 60 ÷ 90 = 43.3 टक्के. अर्जात पाय लिहिलाच नसेल, तर तो 30 वरच राहतो.

सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हेही त्या 21 मध्ये आहेत. गडचिरोली, नंदुरबार भागातल्या सिकलसेलच्या किती रुग्णांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही, याचं फार वाईट वाटतं. रक्ताचा तपासणी अहवाल आणि आतापर्यंत रुग्णालयात भरती झाल्याचे कागद जोडून अर्ज करा.

तपासणीच्या दिवशी काय न्यायचं, हे आजारावर ठरतं. हाडांच्या बाबतीत एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड. कानासाठी ऑडिओग्राम, लहान मुलासाठी बेरा चाचणी, म्हणजे मेंदूच्या प्रतिसादावरून ऐकणं तपासणारी चाचणी. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल. मूळ प्रत दाखवायची, झेरॉक्स द्यायची. मंडळ ठरावीक वारीच बसतं, तेव्हा वार आधी फोन करून विचारा. तीस-चाळीस किलोमीटरवरून रुग्णाला उचलून नेल्यावर ‘कानाचे डॉक्टर आज नाहीत’ हे ऐकावं लागू नये.

मानसिक आजारात दोन गोष्टींवर टक्के फिरतात. तिथे ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. तीत स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व समज, आणि काम, असे चार भाग तपासतात आणि आजार किती काळ चालू आहे याचे गुण वेगळे मिळतात. म्हणून गेल्या दोन वर्षांचे ओपीडीचे कागद आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून न्या. आणि घरात रोज सोबत राहणारं माणूस बरोबर असू द्या. ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारा रुग्ण आठवडाभर आंघोळ करत नाही, हे डॉक्टरांना घरचंच माणूस सांगू शकतं.

कार्डाचा रंगही काही सांगतो: 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 व त्यावर निळं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर वैधतेची तारीख असते. तिच्या तीन महिने आधी पुनर्तपासणीला जा. तारीख उलटली की अनुदान थांबू शकतं. 2012 नंतरचं एसएडीएम, म्हणजे राज्याच्या आधीच्या संगणक प्रणालीवरचं जुनं प्रमाणपत्र असेल, तर तेच अपलोड करून यूडीआयडीसाठी अर्ज करा.

रुग्णालयात अडलं तर

ऑक्टोबर 2024 च्या नियमदुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली. तीन महिने झाले की जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे एक पानी स्मरणपत्र द्या, त्यात नोंदणी क्रमांक आणि अर्जाची तारीख लिहा. पाठपुरावा सोडू नका. दोन वर्षं निकालाविना पडलेला अर्ज निष्क्रिय धरला जातो आणि मग तो पुन्हा चालू करून घ्यावा लागतो किंवा नवा भरावा लागतो.

दिव्यांगत्व नाही असं मंडळाला वाटलं, तर ते लेखी कळवणं दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 58 प्रमाणे बंधनकारक आहे. टक्के कमी पडले किंवा नकार आला, तर कलम 59 खाली अपील करता येतं. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे त्याच रुग्णालयाकडून लेखी मागून घ्या. अपिलात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून काही हाती लागत नाही. कोणता अवयव तपासला नाही, कोणता अहवाल पाहिला नाही, कोणता प्रकार मोजलाच नाही, हे नेमकं मांडा आणि नवा अहवाल जोडा. त्याआधी मूल्यांकनाचा तक्ता मागवा. 38 टक्के कसे आले हे दिसल्याशिवाय कुठे चूक झाली ते सांगता येत नाही.

तहसीलमधला अर्ज

कागद मोजकेच: यूडीआयडी कार्ड व प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, वयाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक आणि फोटो. तलाठी चौकशीला येतात, मग अर्ज योजनेच्या तालुका समितीपुढे जातो.

नकाराचं पहिलं कारण बहुतेक वेळा उत्पन्नाचा दाखलाच असतो. आकडा 50,000 च्या वर गेला की विषय संपतो. दाखल्यासाठी दिलेल्या स्वयंघोषणेत कुणी अंदाजाने 60,000 भरलेले असतात आणि अर्जदाराने सही करताना पाहिलेलं नसतं. खरं उत्पन्न किती, कुणाचं, कशातून, हे तलाठ्यांसमोर नीट सांगा. खोटं मात्र लिहू नका. फसवून लाभ घेतल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 91 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

अर्ज नामंजूर झाला की कारणांसह लेखी पत्र मागा, अपिलाचा अधिकारी कोण तेही त्यातच विचारा. कारण दुरुस्त होण्यासारखं असेल (नाव, दाखला, खातं), तर नवीन दाखला जोडून पुन्हा अर्ज करणं अपिलापेक्षा लवकर पार पडतं. कारणच चुकीचं असेल तर मात्र अपीलच करा.

मंजूर झालं, पैसे नाहीत

पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. ‘बँकेत आधार दिलंय’ एवढं पुरेसं नाही. आधारला कोणती बँक जोडलेली आहे हे महत्त्वाचं, आणि ती सर्वात शेवटी जोडलेली बँक असते. मधे कुठे नवं खातं उघडलं असेल, तर अनुदान तिकडे पडत असेल. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ तपासा किंवा बँकेत विचारा. खातं सहा महिने वापरात नसेल तर ते चालू आहे ना, तेही पाहा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर आधार केंद्रात अपवाद नोंदवून घेता येतो, त्यासाठी आधार नाकारता येत नाही. आणि हयातीचा दाखला दरवर्षी द्यावाच लागतो. त्याची मुदत शाखेतून विचारून कॅलेंडरवर लिहा.

कुणीच दाद देत नसेल तर

माहिती अधिकाराचा अर्ज सर्वात स्वस्त आणि बहुधा सर्वात उपयोगी. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि 150 शब्दांच्या आसपास ठेवावा लागतो. मजकूर असा:

“माझा संजय गांधी योजनेचा अर्ज, आवक क्रमांक …, दिनांक … . 1) अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीची तारीखवार टिपणीची प्रत. 2) अर्ज सध्या कोणत्या टेबलावर आहे, त्या कर्मचाऱ्याचं पदनाम. 3) तालुका समितीच्या मागील तीन बैठकांच्या तारखा व इतिवृत्ताच्या प्रती.”

‘का’ असा प्रश्न विचारू नका. अभिलेखात असलेला कागद मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर 20 रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करा.

उत्पन्न आणि अधिवासासारखे दाखले रखडले असतील, तर लोकसेवा हक्क अधिनियम 2015 कामी येतो. कार्यालयातल्या फलकावर सेवा, दिवस आणि अपील अधिकारी लिहिलेले असतात. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत पहिलं अपील. चुकणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती होऊ शकते.

लोकशाही दिन तालुक्यात महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी असतो. आधी तालुक्याला अर्ज देऊन त्याची पोच घ्या, मग जिल्ह्याला जा.

हक्कच डावलला गेला असेल, तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तालयाकडे राज्य आयुक्तांच्या नावे तक्रार पाठवा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 80 आणि 82 प्रमाणे त्यांना चौकशीचे आणि दिवाणी न्यायालयासारखे साक्षीपुरावे मागवण्याचे अधिकार आहेत. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. दिव्यांग व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, 15100 वर फोन करा. सोबत सगळ्या पोचपावत्यांच्या झेरॉक्स तारखेच्या क्रमाने लावलेल्या एका फायलीत न्या, मूळ प्रती घरीच ठेवा.