जुन्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनचा आवाज एका कानात मंदावला तर

जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० साली पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन, म्हणजे विद्युतभारित पातळ पडद्याच्या कंपनाने आवाज काढणारा हेडफोन, बाजारात आणला. तिचे सत्तरच्या दशकातले संच आजही हाती येतात आणि त्यांतले बरेचसे एका कानात मंद वाजतात. अशा वेळी हेडफोनची कानावरची डबी उघडण्याची घाई मुळीच करू नये. दोष डबीबाहेरही असू शकतो. पुढील पायऱ्या स्टॅक्सच्या एसआरडी-७ या अडॅप्टर पेटीला धरून दिल्या आहेत. ही पेटी अँप्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांना जोडतात आणि पडद्याला लागणारा सुमारे २३० व्होल्टचा स्थिर विद्युतदाब, म्हणजे बायस, ती घरातल्या विजेवरून तयार करते. पेटीवर १०० व्होल्ट लिहिले असेल, तर आपल्याकडे ती स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय कधीही लावू नये.

प्रथम अँप्लिफायर बंद करून पेटीकडे येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. मंदपणा दुसऱ्या कानात गेला, तर दोष अँप्लिफायरमध्ये किंवा त्याआधी आहे. तो तिथेच राहिला, तर पेटी किंवा हेडफोन तपासावा लागेल.

मग १००० व्होल्टपर्यंत चालणाऱ्या मल्टिमीटरने, एक हात खिशात ठेवून (म्हणजे धक्का छातीतून जाणार नाही), बायस मोजावा. येथे अनेकांची फसगत होते. बायसच्या वाटेत सुमारे ५ मेगाओमचा रोध असतो आणि साध्या मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओम असतो, त्यामुळे निरोगी पेटीतही मीटर २३० ऐवजी १५० च्या आसपासच दाखवतो. त्याहून फारच कमी आकडा आला, तरच पेटीवर संशय घ्यावा.

पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढून दहा मिनिटे थांबावे, इन्सुलेटेड तारेला जोडलेल्या १०० किलोओमच्या रोधातून प्रत्येक कपॅसिटर रिकामा करावा आणि मीटरवर शून्य पाहूनच हात घालावा. व्होल्टेज वाढवणाऱ्या साखळीतले जुने कपॅसिटर बदलताना नवे तेवढ्याच क्षमतेचे, पण तेवढ्या किंवा जास्त व्होल्टेजचे घ्यावेत. डायोडसाठी १एन४००७ चालतो. बायसचा रोध बदलताना एकाऐवजी दोन रोध एकापाठोपाठ जोडावेत, कारण पाव वॅटच्या साध्या रोधाची व्होल्टेजची मर्यादा जेमतेम एवढीच असते.

पेटी ठीक असूनही चिरचिर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दमटपणा किंवा धूळ हे कारण असू शकते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पहिली शंका दमटपणाचीच घ्यावी. हेडफोन कोरड्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवावा. हेअर ड्रायर किंवा जोराची फुंकर वापरू नये. जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा पडदा त्याने सैल पडतो किंवा फाटतो.

एवढे करूनही आवाज मंदच राहिला, तर पडद्यावरचा विद्युतवाहक लेप झिजला असावा. हे काम जाणकाराकडेच द्यावे आणि दोन्ही बाजूंचे पडदे एकदमच बदलून घ्यावेत, कारण नव्या-जुन्या पडद्यांचा ताण सहसा जुळत नाही.