नाशिकच्या गच्चीवरून अल्गॉलचा प्रकाशवक्र कसा काढायचा

ययाती तारकासमूहातला अल्गॉल, म्हणजे आपली मायावती, दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. एरवी त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) २.१ असते, ती उतरून ३.४ पर्यंत जाते आणि पुन्हा वर येते. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्यापुढून जाताना त्याला बराचसा झाकतो. उतार आणि चढ मिळून साधारण दहा तासांचा खेळ. वेळेनुसार तेज कसं बदललं याचा आलेख म्हणजे प्रकाशवक्र. हा सगळा वक्र साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याने, दुर्बिणीशिवाय, इंदिरानगर किंवा गंगापूर रोडच्या गच्चीवरून मोजता येतो.

पद्धत मात्र व्यावसायिकांचीच वापरायची. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. तिथे वेध घेणाराही आपल्या लक्ष्याबरोबर ३सी ४८ किंवा ३सी २८६ सारख्या ठाऊक तेजाच्या स्रोताकडे अँटेना वळवतो, आणि त्याच्या मापाने बाकीचं मोजतो. आपण आकाशाच्या त्याच तुकड्यातला ठाऊक प्रतीचा तारा, म्हणजे तुलना-तारा, घेणार, एवढाच फरक.

रात्र निवडणं

जूनपासून पावसाळा संपेपर्यंत विषयच नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. डिसेंबरच्या मध्याला अल्गॉल रात्री दहाच्या सुमारास याम्योत्तरावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो, उत्तरेकडे ६९ अंश उंचीवर. (नाशिक भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पावणेनऊ अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे घड्याळात सगळं ३५ मिनिटं उशिरा घडतं.) त्याच्या आधी आणि नंतर साडेचार तास तो ३० अंशांच्या वर असतो. त्याखाली मोजू नका. थंडीत निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तो धूर आणि शहराची धूळ खालच्या आकाशात साचून राहते. तिथे दोन शेजारी ताऱ्यांमध्येसुद्धा हवेचं शोषण सारखं नसतं.

किमान तेजाची वेळ कोणत्याही खगोलशास्त्रीय पंचांगात किंवा अ‍ॅपमध्ये मिळते. एकदा ती कळली की पुढचं तोंडी: तीन दिवसांनी तोच किमान बिंदू ३ तास ११ मिनिटं आधी येतो. आज पहाटे दोनला असेल, तर दोन दिवसांनी रात्री १०:४९ ला (तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी) आणि त्यानंतर तीन दिवसांनी संध्याकाळी ७:३८ ला. मधली १०:४९ ची रात्र धरायची. तेज सगळ्यात भरभर बदलतं ते किमानाच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन-अडीच तासांत, म्हणून आठ ते दीड असं सलग बसावं लागतं.

अंधारासाठी अंजनेरीपर्यंत जायची गरज या ताऱ्याला नाही. गच्चीवर लेन्समध्ये थेट येणारा दिवा तेवढा टाळा. पाण्याच्या टाकीची आडोशाची बाजू बरी पडते.

फोटो काढणं

५० मिमी लेन्स, ट्रायपॉड, केबल रिलीज. एफ/४, आयएसओ ४००, १० सेकंद. रॉ फाइलच घ्यायची. जेपेगमध्ये कॅमेरा उजेडाचा आलेख आपल्या मर्जीने वाकवतो, मग मोजमापाला अर्थ उरत नाही. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा.

फोकस मुद्दाम बिघडवायचा, आणि नवखे लोक इथेच बिचकतात. सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी असते. टोकदार तारा एखाद्याच पिक्सेलवर पडला तर तो हिरव्यावर आहे की लालवर, यावर आकडा ठरतो. म्हणून ठिपका आठ-दहा पिक्सेलचा होईपर्यंत फोकस रिंग फिरवा आणि ती चिकटपट्टीने पक्की करा. फुगलेल्या ठिपक्यामुळे पिक्सेल भरून वाहतही नाहीत. १४ बिट कॅमेऱ्यात कमाल १६३८३ असते, ठिपक्याचा सर्वांत तेजस्वी पिक्सेल १२००० च्या खाली असू द्या. जास्त भरला तर आयएसओ कमी करा.

ट्रायपॉड स्थिर, आकाश फिरतं. दहा सेकंदांत अल्गॉल सुमारे सहा पिक्सेल सरकतो, तेवढं चालतं. पण तासाभरात तो फ्रेममध्ये जवळजवळ ११ अंश पुढे जातो, म्हणून दर अर्ध्या तासाने त्याला पुन्हा मधोमध आणा.

एकेका फोटोवर भरवसा ठेवू नका. इतक्या लहान भिंगातून ताऱ्याचं लुकलुकणं एका फोटोत ०.०२ प्रतीएवढा घोळ घालतं. दहा मिनिटांनी एकदा सलग दहा फोटो घ्या आणि त्यांची सरासरी काढा, चूक ०.०१ च्या खाली येते.

शेवटी झाकण लावून त्याच आयएसओ आणि त्याच वेळेचे वीस डार्क फोटो, सेन्सरचा स्वतःचा गोंगाट टिपायला. मग फ्लॅट, म्हणजे भिंगाचा कमी-जास्त उजेड टिपणारे फोटो: लेन्सवर पांढरा कागद ताणून लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर वीस फोटो, हिस्टोग्राम तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत. फोकस आणि अ‍ॅपर्चर जराही हलवायचं नाही, नाहीतर फ्लॅट दुसऱ्याच लेन्सचा झाला म्हणून समजा.

दव हा इथला खरा शत्रू. गोदावरीच्या काठाजवळ आणि धरणाच्या बाजूला मध्यरात्रीनंतर भिंगावर बारीक पदर बसतो. तारे हळूहळू फिके पडतात आणि ते ग्रहणच वाटतं. तुलना-ताराही सोबत फिका होत असेल तर दव समजा. लेन्सहूड लावा, पॉवर बँकेवर चालणारी हीटर पट्टी गुंडाळा. कापडाने पुसू नका, फोकस हलतो.

मोजणी

सिरिल किंवा अ‍ॅस्ट्रोइमेजजे, दोन्ही मोफत संगणक-प्रोग्रॅम. आधी डार्क वजा करा, फ्लॅटने भागा, मग हिरवा चॅनेल वेगळा काढा. तो खगोलशास्त्रज्ञांच्या ‘व्ही’ पट्ट्याच्या (हिरव्या-पिवळ्या प्रकाशाच्या ठरलेल्या गाळणीच्या) जवळ असतो. मग प्रत्येक ताऱ्याभोवती वर्तुळ आखून आतल्या उजेडाची बेरीज करायची, ती त्या ताऱ्याची गणना. सिरिलमध्ये हिरवा काढल्यावर चित्र लांबी-रुंदीने निम्मं होतं, त्यामुळे मूळ चित्रावर ठरवलेली वर्तुळाची त्रिज्याही निम्मी करा. वर्तुळ ठिपक्याच्या दीडपट तरी मोठं घ्या, आणि रात्रभर सगळ्या ताऱ्यांसाठी तेच.

तुलना-तारे एएव्हीएसओच्या नकाशावरून घ्या. ही रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे मोजणाऱ्यांची संस्था १९११ पासून चालू आहे. नकाशावर प्रत दशांशचिन्हाशिवाय छापलेली असते, २९ म्हणजे २.९, कारण चिन्हाचा ठिपका ताऱ्यासारखा दिसेल. अल्गॉलच्या अगदी शेजारचा रो पर्सी मोहात पाडतो, पण तो स्वतःच रूपविकारी आहे, ३.३ ते ४.० मध्ये झुलतो. त्याला हात लावू नका.

फरक = −२.५ × लॉग (अल्गॉलची गणना ÷ तुलना-ताऱ्याची गणना), लॉग दहाच्या पायाचा. समजा, अल्गॉल ६४००० आणि २.९० प्रतीचा तारा १००००० आला. फरक ०.४८, म्हणून अल्गॉल ३.३८. दुसरा एक तारा तपासणीसाठी ठेवा आणि त्याचीही प्रत दहा फोटोंच्या प्रत्येक गटात काढा. तो रात्रभर स्थिर राहिला तर वक्र खरा, तोच झोके घेऊ लागला तर पातळ ढग किंवा दव शोधा.

वेळ आणि नोंद

कॅमेऱ्याचं घड्याळ वापरण्याआधी मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढून फरक टिपून ठेवा. फाइलवरची वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची असते, तुम्हाला मधली हवी. त्यातून साडेपाच तास वजा करून ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) काढा. १ जानेवारी २०२६, रात्री साडेनऊ म्हणजे २४६१०४२.१६६७. ज्युलियन दिवस आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते.

एएव्हीएसओकडे निरीक्षक-कोड मोफत मिळतो. फिल्टरच्या रकान्यात ‘टीजी’ (रंगीत सेन्सरचा हिरवा चॅनेल) लिहा, ‘व्ही’ नाही, कारण रंगांचं रूपांतर केलेलं नाही. मापातली चूक (‘एरर’) लिहायच्या रकान्यात दहा फोटोंच्या विखुरण्यावरून निघालेला आकडा टाका, अंदाजे नको. ढगाळ झालेला गट वगळलात तर टिपणात तसं लिहा. किमानाचा क्षण काढून जुन्या नोंदींशी ताडायचा असेल, तर सूर्यकेंद्री दुरुस्ती करा. पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यानुसार अल्गॉलचा प्रकाश पावणेआठ मिनिटांपर्यंत लवकर किंवा उशिरा पोचतो.