सोलर बसवण्याआधी मीटर वाचा : घरचं वीजबिल आटोक्यात आणण्याची रीत

वीजबिल फुगलं की हल्ली पहिला विचार सोलरचा येतो. विचार चांगलाच आहे. पण घरातली वीज नक्की कुठे जाते हे कळण्याआधीच छतावर पॅनेल चढवले, तर जी वीज वाया जाते तिच्यासाठीही आपण पॅनेल विकत घेतो. म्हणून आधी मोजणी, मग बचत आणि त्यानंतर सोलर, याच क्रमाने चला.

पायरी १ : एका रात्रीची मोजणी

१००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मीटरवर लुकलुकणारा छोटा लाल दिवा मात्र फारसं कोणी पाहत नाही. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे.

रात्री सगळे दिवे, पंखे, एसी बंद करा. फ्रिजचा प्लग पाच मिनिटांपुरता काढा. आता घड्याळ लावून मिनिटभर दिवा मोजा. आलेल्या संख्येला ६० ने गुणा आणि मीटरवरच्या आकड्याने भागा. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. दिवा ४ वेळा लुकलुकला, तर ०.०७५ किलोवॅट, म्हणजे ७५ वॅट. एका जुन्या पंख्याइतकीच ही वीज, पण हा पंखा चोवीस तास फिरतोय आणि महिन्याला ५४ युनिट खातोय! आमच्या घरी ही मोजणी केली तेव्हा सेट-टॉप बॉक्स, कॉम्प्युटरचे स्पीकर आणि कोपऱ्यात पडलेला एक जुना यूपीएस असे तीन चोर सापडले. तिघांनाही बटण असलेल्या एकाच पट्टीवर घेतलं आणि झोपताना ती बंद करायची सवय लावली.

मोजणी झाली की मागच्या १२ महिन्यांची बिलं काढा आणि युनिट एका कागदावर लिहा. रुपये-पैशांकडे सध्या पाहू नका, कारण दर बदलतात. जिथे टप्प्यांचे दर असतात, तिथे वरच्या टप्प्यातलं युनिट सर्वांत महाग पडतं. त्यामुळे वाचवलेली पहिली काही युनिटच सर्वांत जास्त पैसे वाचवतात.

पायरी २ : तापवणं आणि गार करणं

घरातली मोठी वीज या दोनच कामांत जाते. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जेमतेम अर्धं युनिट लागतं, आणि २ किलोवॅटचा गीझर ते पाव तासात करतो. खरा खर्च होतो तो गीझर तासन्‌तास चालू राहिला की. पाणी निवत राहतं, थर्मोस्टॅट ते पुन्हा पुन्हा तापवत राहतो. आंघोळीआधी १५-२० मिनिटं लावा आणि बंद करा, एवढं पुरतं. एसीला दोन-तीन अंश वर ठेवून सोबत पंखा लावा आणि जाळी नियमित धुवा.

पंख्यांचा हिशेब मला फार आवडतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॅट. रोज १५ तास फिरणारा एकच पंखा बदलला तर महिन्याला २० युनिट वाचतात. पण बदल सर्वांत जास्त चालणाऱ्या पंख्यापासून सुरू करा. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

फ्रिजचं एकच काम करा: दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निसटला तर रबर बदलायला झालंय.

पायरी ३ : किती किलोवॅट?

बचतीचे दोन-तीन महिने जाऊ द्या. नवा सरासरी वापर समजा महिन्याला २४० युनिट, म्हणजे रोज ८ आहे. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिटच्या आसपास देतात. म्हणजे तुम्हाला २ किलोवॅट पुरेल. ढगाळ मुलखात हा आकडा बराच खाली येतो. तिथल्या एखाद्या जुन्या सोलरवाल्याची महिनेवार नोंद बघायला मिळाली, तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा ती भरवशाची. सपाट छतावर ओळींमधल्या अंतरासकट किलोवॅटमागे १० चौरस मीटर मोकळी जागा धरा.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. पॅनेलची ताकद २५ अंश तापमानाला मोजलेली असते. ऐन उन्हाळ्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतो आणि वाढत्या दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के वीज घटते. तेवढ्यानेच १४ टक्के गेले. म्हणून पॅनेलखालून वारा खेळेल एवढी जागा ठेवायला सांगा. छताला चिकटवून बसवू देऊ नका.

पायरी ४ : सावली

इथे घाई करू नका. पॅनेलमधल्या सेल, म्हणजे वीज बनवणाऱ्या छोट्या चकत्या, एकामागून एक जोडलेल्या असतात. अरुंद वाटेवर एक बैलगाडी अडली की मागच्या साऱ्या खोळंबतात, तसं एका सेलवर सावली पडली की सगळ्या ओळीचा प्रवाह अडतो. सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे नेण्यासाठी पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात, बहुधा तीन. तरी ते आडवाटेने नेतात म्हणजे पॅनेलचा तिसरा हिस्सा सोडूनच देतात.

आमच्या गच्चीची पाहणी करणारा माणूस भर दुपारी आला. त्या वेळी गच्ची लख्ख होती. पॅनेल बसल्यावर कळलं, साडेतीन वाजले की पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनेलवर येऊन बसते आणि सूर्यास्तापर्यंत हलत नाही. शेवटी टाकीच हलवावी लागली, तो खर्च वेगळा. तुम्ही स्वतः सकाळी ९, दुपारी १२ आणि ३-४ वाजता छतावर जा आणि सावलीची कड खडूने आखा. सूर्य सर्वांत खाली असतो त्या हिवाळ्यात हे केलं तर उत्तम, कारण सावल्या तेव्हाच सर्वांत लांब पडतात. कठड्याची, डिशची, शेजारच्या वाढत्या झाडाचीही सावली धरा. सावली टाळणं शक्यच नसेल, तर प्रत्येक पॅनेलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात वापरण्याजोगी करणारी छोटी पेटी) लावणं योग्य.

दिशा उत्तर गोलार्धात दक्षिणेची, दक्षिण गोलार्धात उत्तरेची. कल ठिकाणाच्या अक्षांशाइतका धरला तर फारसं चुकत नाही.

पायरी ५ : ग्रिड की बॅटरी?

ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेला सोलर बॅटरीशिवाय चालतो आणि स्वस्त पडतो. पण बाहेरची वीज गेली की तोही बंद होतो, डोक्यावर रणरणतं ऊन असलं तरी! हा बिघाड नव्हे. आपल्या घरातली वीज तारेत शिरली, तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल, म्हणून पॅनेलची वीज घरात सोडणारा इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीसह हायब्रिड प्रकार घ्या, पण बॅटरीवर फक्त दिवे, पंखे, वायफाय आणि फ्रिज ठेवा. गीझर आणि एसी तिच्या गळ्यात बांधू नका.

वीज कंपनीला एकच नेमका प्रश्न विचारा: आम्ही दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटमधून थेट वजा होतं, की त्याला वेगळा, कमी दर मिळतो? थेट वजा होत असेल, म्हणजेच नेट मीटरिंग असेल, तर काळजी नाही. कमी दर असेल तर स्वतःची वीज दिवसाच वापरणं फायद्याचं: वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याचा पंप, सगळं सकाळी १० ते दुपारी ३ मध्ये. स्थिर आकार (वापर कितीही असो, बिलात लागणारी ठरावीक रक्कम) बहुधा भरावाच लागतो, तेव्हा शून्य बिलाच्या गणितावर कर्ज काढू नका.

पायरी ६ : बसवल्यावर

करारात अर्थिंग, तडितरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा) आणि डीसी बाजूचं, म्हणजे पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांचं, संरक्षण लेखी असू द्या. पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टर मात्र मधे एकदा बदलावा लागेल असंच धरा.

पॅनेल पहाटे किंवा संध्याकाळी, गार असताना मऊ ब्रशने धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतलं तर काच तडकू शकते. क्षारांचं पाणी असेल तर पुसून घ्या, नाहीतर पांढरे डाग पक्के बसतात. पॅनेलवर पाय कधीच देऊ नका. भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, पण वीज घटते.

दर महिन्याच्या १ तारखेला इन्व्हर्टरवरचा एकूण उत्पादनाचा आकडा वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच महिन्याशी ताडून पाहा. एक-दोन टक्क्यांचा फरक सोडून द्या. पंधरा टक्के घट दिसली, तर आधी धूळ आणि नवी सावली तपासा, आणि दोन्ही नसेल तर हमीचा कागद घेऊन बसवणाऱ्याला बोलवा.