डॉक्टर व्हायचंय, घरची परिस्थिती बेताची आहे? मग नीटच्या वाटेवर या चुका टाळा

गावाकडची पोरं अभ्यासात कमी पडतात असं मला कधीच वाटलं नाही, शेतातली कामं करून, एका खोलीत सहा जण झोपतात तिथं कोपऱ्यात बसून बायोलॉजी पाठ करणारी पोरं मी बघतो. पण नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, मार्क येऊनही सीट हातातून जाते ती बऱ्याचदा एका कागदामुळे, एका तारखेमुळे, नायतर कुणाला विचारायची लाज वाटली म्हणून. ज्या घरात आधी कुणी डॉक्टर नाही, बाप तहसीलला गेला की साहेब उद्या या म्हणतो, त्या घरच्या पोराला हे सगळं सांगणारं कुणी नसतं. म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक : कागदपत्रं निकालानंतर बघू

नाही. अकरावीत असतानाच सुरुवात करा. जात पडताळणी म्हणजे कास्ट व्हॅलिडिटी सगळ्यात जास्त वेळ खाते. सायन्सच्या पोरांचा अर्ज ज्युनिअर कॉलेजमार्फत जातो आणि प्रत्येक जिल्ह्यात समिती आहे (अनुसूचित जमातीच्या समित्या वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा). समितीला जुना पुरावा लागतो, जुना म्हणजे किती तर एससीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा, असं काहीतरी शोधावं लागतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचं बघा, आणि वडिलांकडच्या कुणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर ती आधी मागून घ्या, त्यानं काम पुष्कळ सोपं होतं. भावकीत बोलणं बंद असेल तरी जा, दोन शब्द ऐकून घ्या पण झेरॉक्स आणा.

नॉन क्रिमिलेयर म्हणजे घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला, त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे जुनं घेऊन बसू नका, ॲडमिशनच्या वेळी चालू असलेलंच लागतं. आणि ओबीसीवाल्यांनो, राज्याचा फॉरमॅट वेगळा आणि केंद्राचा वेगळा, ऑल इंडिया कोट्यात (सरकारी कॉलेजांतल्या देशपातळीवरच्या १५ टक्के जागा) केंद्राचाच लागतो आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी तपासा. ईडब्ल्यूएसचंही (खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल) तसंच, दोन फॉरमॅट.

नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं आणि नीटच्या फॉर्मवर तिसरं, असं असेल तर आजच आधार दुरुस्त करून घ्या. आईच्या नावातला एखादा जादाचा 'बाई' सुद्धा व्हेरिफिकेशनला त्रास देतो.

कोटाची डमी ॲडमिशन

घरदार गहाण ठेवून पोराला क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवतात आणि तिथल्याच कुठल्यातरी शाळेत नुसतं नाव घालून बारावी देतात. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी डोमिसाईल म्हणजे राज्याचा रहिवासी दाखला तर लागतोच, पण दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी हा साधारण नियम आहे. अपवाद आहेत पण ते थोड्यांसाठी. कोचिंग कुठंही करा, बारावीचा फॉर्म मात्र इथूनच भरा.

पैसे नसतील तर फुकटचे मार्ग आधी बघा, लाखांचा क्लास नंतर. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गाच्या पोरांना नागपूरची महाज्योती ही सरकारी संस्था नीटचं ऑनलाईन कोचिंग आणि टॅब देते, अर्ज दहावीच्या निकालानंतरच्या दिवसांत निघतो आणि नेमका तोच बऱ्याच जणांचा चुकतो. पुण्यात बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट नावाचं काम सुरू केलं, मेळघाटातल्या आदिवासी पोरांना त्यांनी नीटला बसवलं आणि त्यातली पोरं आज एमबीबीएसला आहेत. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो, कारण शिकवणारे स्वतःच अजून शिकत होते.

अभ्यासातल्या चुका थोडक्यात

पेपर ७२० मार्कांचा, १८० प्रश्न, त्यातले ९० एकट्या बायोलॉजीचे. बरोबरला ४, चुकीला वजा १. तरी पोरं फिजिक्सच्या जाडजूड पुस्तकांत वर्ष घालवतात आणि एनसीईआरटीची (केंद्राच्या पाठ्यपुस्तकांतली) बायोलॉजी ओळ न् ओळ वाचत नाहीत. स्टेट बोर्डवाल्यांनी तर ती वाचायलाच पाहिजे, सेकंडहँड घ्या, पीडीएफ फुकट आहे. उत्तरपत्रिकेच्या ओएमआर शीटवर पेनानं गोळे भरायची सवय घरीच करा, मोबाईलवर टेस्ट देऊन ती लागत नाही. पेपर मराठीतून देता येतो, पण अकरावी-बारावी इंग्रजीतून केली असेल तर आधी मराठीतला जुना पेपर सोडवून बघा, मगच फॉर्ममध्ये भाषा निवडा.

रिपीट करायला हरकत नाही, प्रयत्नांवर मर्यादा नाही, वरची वयोमर्यादाही नाही. पण मागच्या वर्षी कुठं मार्क गेले हे न बघता तेच नोट्स, तीच रूम, तेच टाइमटेबल घेऊन परत बसणं ही चूक आहे. आधी चुकलेले प्रश्न वेगळे काढा, येत नव्हतं म्हणून चुकले की घाईत चुकले ते लिहा, मग ठरवा.

नीट पास म्हणजे ॲडमिशन नाही

हे दरवर्षी कुणाचं तरी होतं आणि जीव तुटतो. नीटचा फॉर्म एनटीएचा, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा. ऑल इंडियाच्या १५ टक्के जागांचं रजिस्ट्रेशन एमसीसीकडे, म्हणजे काउन्सेलिंग (सीटवाटप) करणाऱ्या केंद्राच्या समितीकडे. राज्याच्या ८५ टक्क्यांचं रजिस्ट्रेशन राज्याच्या सीईटी सेलकडे. तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एक केली म्हणून बाकीच्या आपोआप होत नाहीत. मार्क येऊन पोरगा गावात पेढे वाटत बसतो आणि तिकडं सीईटी सेलची लिंक बंद होते.

प्रेफरन्स भरताना घराजवळचीच चार कॉलेजं टाकू नका, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गपर्यंत जेवढी सरकारी आहेत तेवढी सगळी टाका, सिक्युअर केलेली सरकारी सीट कुठलीही चांगली. खासगी कॉलेज टाकायच्या आधी फी बघा, कारण मिळालेली सीट सोडली तर पुढच्या राउंडला काय होतं ते नियम दरवर्षी बदलतात, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. एजंट फोन करेल, सीट बुक करून देतो, दोन लाख ॲडव्हान्स द्या. फोन ठेवा. एमबीबीएसची सीट नीट आणि काउन्सेलिंगशिवाय कुणीच देऊ शकत नाही.

फीला घाबरून सीट सोडणं

ही मला सगळ्यात वाईट वाटणारी चूक आहे. एससीच्या पोरांना घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर स्कॉलरशिप, वर असेल तर फ्रीशिप म्हणजे फी माफी. मुलींसाठी ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग), ईडब्ल्यूएसमधल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, फक्त मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर नाही. राहण्या-जेवणासाठी एससीला स्वाधार योजना, एसटीला स्वयम् योजना. कर्ज लागलंच तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी हमीची योजना आहे, बँकवाला जमीन तारण मागायला लागला तर त्याला हे विचारा.

महाडीबीटीचे (राज्याचं स्कॉलरशिपचं पोर्टल) पैसे अडकले तर आधी बघा की खातं आधारला नुसतं लिंक आहे की डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंगही झालंय, दोन्ही वेगळं असतं. ते बरोबर असेल तर अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पेंडिंग पडलाय का ते स्कॉलरशिपच्या क्लार्कला जाऊन विचारा. आणि अर्ज दरवर्षी रिन्यू करायचा असतो.

ॲडमिशननंतर गप्प बसणं

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी इंग्रजीत धडाधड अंगावर येते, शेजारचा शहरातला पोरगा फाडफाड बोलतो आणि आपला पोरगा मागच्या बाकावर जातो, नापास झाला तरी घरी सांगत नाही कारण तिकडं आईनं सगळ्या गावाला सांगितलेलं असतं. डॉ. राजेंद्र भारुड साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, वडील जन्माआधीच गेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. शिक्षकांनी हुशारी ओळखली, अक्कलकुव्याच्या नवोदयमधून ते मुंबईच्या जीएस मेडिकलला गेले, डॉक्टर झाले आणि पुढं नंदुरबारचे कलेक्टर. त्यांच्या कष्टाबद्दल सगळे बोलतात, मला त्यात ते ओळखणारे शिक्षक आणि नवोदयचं हॉस्टेल तेवढंच महत्त्वाचं वाटतं. म्हणून सीनियरला विचारा, डिपार्टमेंटच्या सरांना भेटा. पहिलं वर्ष पास व्हायला चार प्रयत्न मिळतात, म्हणजे एकदा नापास झालात म्हणून सगळं संपत नाही. डोकं फारच जड झालं तर १४४१६ हा टेलिमानसचा (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा) नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सरकारी कॉलेजला ॲडमिशन घेताना बाँड लिहून द्यावा लागतो, एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा नायतर दहा लाख दंड, सही करायच्या आधी आईवडिलांना वाचून दाखवा. आणि टीसी, मार्कशीट, व्हॅलिडिटी यांचे ओरिजिनल कॉलेजला जमा होतात, त्याआधी प्रत्येकाचे स्कॅन आणि चार-पाच झेरॉक्सचे सेट काढून एक घरी ठेवा, कारण स्कॉलरशिप, हॉस्टेल आणि बँक तिघंही नंतर तेच मागतात.