पावसाळ्यात पाणी गाळताना जुनं सुती कापडच घ्या

नळाला गढूळ पाणी येऊ लागलं की प्लास्टिकच्या चहाच्या गाळणीवर भिस्त ठेवू नका. तिची भोकं साधारण अर्धा ते एक मिलिमीटरची, म्हणजे कचरा आणि जाडी रेती तेवढी अडते. त्यापेक्षा जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा धोतर चार-आठ पदरी करून हंड्याच्या तोंडाला बांधा. नवं कापड नको. जुन्या सुताचे तंतू सुटून फुलतात आणि विणीतली भोकं आणखी बारीक होतात. अशा चार घड्यांच्या साडीतून सुमारे 20 मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठं काही सहसा जात नाही. बांगलादेशात अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या चमूने हीच पद्धत खेड्यांत वापरून पाहिली. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि हे प्राणी कापडात अडकतात. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे कॉलरा जवळपास निम्म्यावर आला.

पण सुटा जंतू एक-दोन मायक्रॉनचाच असतो, विषाणू तर त्याहून कितीतरी लहान. ते कापडातून सहज पार होतात, म्हणून गाळलेलं पाणी उकळायलाच हवं. मातीचे अतिबारीक कणही असेच निसटतात. त्यासाठी गाळण्याआधी पाण्यात तुरटी फिरवून हंडा काही तास हलवू नका. कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, तळाशी बसतात. मग वरचं निवळ पाणी अलगद गाळून घ्या.

गाळून झाल्यावर कापड उलटं करून खळबळून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ऊन नसेल तर उकळत्या पाण्यातून काढा.