रिसर्चवरच रिसर्च करायचाय? मुंबईत बसून फंडिंग कसं मिळवायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू, 'मेटारिसर्च' अशी पाटी लावलेली ग्रँट भारतात शोधायला गेलात तर नुसते शोधतच बसाल. संशोधन कसं केलं जातं, पेपर कुठे आणि का छापले जातात, प्रमोशनला ते कसे मोजतात, ग्रँट कोणाला मिळते, हा सगळा विषय आपल्याकडे कुठल्याच एका खात्याचा नाही. पैसे आहेत, पण ते दुसऱ्या नावांखाली आहेत, सोशल सायन्स, शिक्षण, सायन्स पॉलिसी, मेडिकल एथिक्स वगैरे. हे मी मुख्यतः मुंबईतल्या कॉलेजांत शिकवणाऱ्यांसाठी आणि नुकतीच पीएचडी झालेल्यांसाठी लिहितेय. आयआयटी, टीआयएफआरवाल्यांकडे प्रोजेक्टचं ऑफिस असतं, त्यांनी तिथेच विचारावं.

सुरुवात प्रश्नापासून, फॉर्मपासून नाही. "भारतात संशोधनाचा दर्जा का घसरला" हा प्रश्न नाही, ती स्टाफरूममधली चर्चा आहे, त्यावर कोणी पैसे देत नाही आणि देऊही नयेत. प्रश्न इतका बारीक पाहिजे की त्याचं उत्तर शेवटी एका तक्त्यात मावलं पाहिजे. उदाहरण देते. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पीएचडीचे नवे नियम आणले आणि थिसिस जमा करायच्या आधी जर्नलमध्ये पेपर छापून आलाच पाहिजे ही अट काढून टाकली. मग प्रश्न असा होऊ शकतो, मुंबई विद्यापीठातून कॉमर्समध्ये पीएचडी करणारे अट असताना किती पेपर छापत होते, कुठल्या जर्नलमध्ये, आणि अट गेल्यावर त्यात काय बदललं. थिसिस शोधगंगावर फुकट मिळतात, लाखोंनी आहेत, गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते चालवतं. पण एक गोम आहे, नियम बदलला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे बदलत नाहीत, जुन्या नियमाखाली रजिस्टर झालेले कितीतरी लोक अजून थिसिस जमा करतायत, म्हणजे तुम्हाला जमा केल्याची नाही, रजिस्ट्रेशनची तारीख लागणार, आणि ती विद्यापीठाकडे असते. सरळ मागून बघा, नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, आणि महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो हे लक्षात ठेवा, कारण आपण लोक पेपर लिहायची सवय असल्यामुळे अर्जातसुद्धा प्रस्तावना लिहितो. फक्त कोणाची नावं मागू नका, वर्षवार, विषयवार आकडे मागा, नावं मागितलीत की वैयक्तिक माहिती म्हणून नकार यायची शक्यता वाढते.

मेडिकलवाल्यांसाठी तर खजिनाच आहे. भारताची क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री २००७ मध्ये सुरू झाली, जून २००९ पासून औषधांच्या ट्रायल तिथे नोंदवणं सक्तीचं झालं, आणि प्रत्येक नोंदीत रजिस्ट्रेशनची तारीख आणि पहिला पेशंट घेतल्याची तारीख दोन्ही असतात. परळ-भायखळा पट्ट्यातल्या हॉस्पिटलांमधल्या ट्रायल काढा, कितींची नोंद पेशंट घ्यायला सुरुवात झाल्यावर झाली ते बघा, पुढे किती छापून आल्या आणि छापताना मुख्य आउटकम (म्हणजे ट्रायलमध्ये मुख्यतः काय मोजायचं ठरलं होतं ते) तोच राहिला की गुपचूप बदलला ते बघा. एवढ्यात एक अख्खा प्रोजेक्ट होतो आणि मशीन एकही विकत घ्यावं लागत नाही.

बाकीचा डेटाही बहुतेक फुकटच आहे. ओपनअ‍ॅलेक्स ही पेपर, लेखक आणि संस्थांची खुली यादी २०२२ पासून आहे, पेपरांना डीओआय नंबर देणारी संस्था क्रॉसरेफ, तिच्या नोंदी आहेत, मागे घेतलेल्या पेपरांचा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेऊन सगळ्यांना खुला केला. मूळ पेपर वाचायचे असतील तर केंद्र सरकारने देशासाठी एकत्र वर्गणी भरलेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये १३,००० च्या आसपास जर्नल्स आहेत, पण पहिल्या टप्प्यात ती सोय सरकारी संस्थांनाच आहे, तेव्हा खाजगी किंवा अनुदानित कॉलेजात असाल तर आपल्या लायब्ररियनना आधी विचारून घ्या.

आता पैशांची दारं.

पहिलं आणि सगळ्यात जवळचं म्हणजे आयसीएसएसआर, सोशल सायन्सच्या संशोधनाला पैसे देणारी केंद्राची परिषद. १९६९ ची संस्था, मुख्यालय दिल्लीत, पण तिचं पश्चिम विभागीय केंद्र आपल्या कलिना कॅम्पसमध्येच आहे, जे. पी. नाईक भवनात. रिसर्च प्रोजेक्टचे अर्ज दिल्लीच्या कॉलप्रमाणे ऑनलाइन जातात, कलिन्यात सेमिनार-वर्कशॉपसारख्या गोष्टींना मदत मिळते, तरी एकदा तिथे जाऊन याच, निदान विषय कुठल्या सदरात बसेल याचा अंदाज येतो. मेजर आणि माइनर असे दोन प्रकार असतात, रकमेची मर्यादा त्या वर्षीच्या कॉलमध्ये वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका. तुमचा विषय इथे शिक्षण, समाजशास्त्र किंवा पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन म्हणून जातो. म्हणजे "जर्नलच्या दर्जाचा बिब्लिओमेट्रिक (म्हणजे पेपर आणि संदर्भ मोजून केलेला) अभ्यास" असं लिहू नका, "प्रमोशनच्या नियमांचा कॉलेज शिक्षकांच्या लिखाणावर झालेला परिणाम" असं लिहा, काम तेच आहे पण आता ते धोरणाचं मूल्यमापन झालं, आणि त्याला इथे जागा आहे.

दुसरं दार फार जणांना माहीतच नसतं. डीएसटी म्हणजे केंद्राचं विज्ञान आणि तंत्रज्ञान खातं, त्याचा एनएसटीएमआयएस नावाचा सायन्सची आकडेवारी गोळा करणारा विभाग आहे, देशाचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के हा जो आकडा सगळे भाषणात वापरतात तो यांच्याच पाहणीतून येतो. सायन्समध्ये पैसा आणि माणसं कुठे जातात यावरचे अभ्यास ते स्पॉन्सर करतात. माझ्या मते तुमचा प्रश्न आकड्यांचा असेल, कोणाला किती मिळतं, बायका कुठे गळतात, राज्य विद्यापीठांच्या वाट्याला काय येतं असा, तर आयसीएसएसआरच्या आधी इथे बघावं. याच डीएसटीची सायन्स पॉलिसीची फेलोशिपही आहे, ती प्रोजेक्टपेक्षा माणसाला मिळते, नुकत्याच पीएचडी झालेल्यांनी त्यावर डोळा ठेवावा.

एएनआरएफ म्हणजे सायन्सच्या प्रोजेक्टना पैसे देणाऱ्या सर्ब या सरकारी बोर्डाच्या जागी आलेलं नवं फाउंडेशन, कायदा २०२३ चा. कायद्यात ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्सचा विज्ञानाशी जिथे संबंध येतो तो भागही धरलाय, त्यामुळे दार तात्त्विकदृष्ट्या उघडं आहे, पण तुमचा जोडीदार कोणी सायंटिस्ट असेल तरच जा, एकट्या समाजशास्त्रवाल्याने तिथे पहिला अर्ज करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आरोग्याशी संबंधित असेल तर आयसीएमआर, म्हणजे मेडिकल संशोधनाची केंद्राची परिषद, आणि एमबीबीएसच्या मुलांना त्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, दोन महिन्यांचं काम, वर सांगितलेला ट्रायल रजिस्ट्रीचा प्रश्न छोटा करून त्यात आरामात बसतो. आणि मुंबई विद्यापीठाची कॉलेज शिक्षकांसाठीची माइनर ग्रँट, रक्कम लहान असते, लोक नाक मुरडतात, पण पायलटसाठी, म्हणजे आधी छोट्या प्रमाणावर करून बघायला, ती उत्तम, पुढच्या मोठ्या अर्जात "प्राथमिक डेटा आमच्याकडे आहे" हे एक वाक्य लिहिता येणं फार मोठी गोष्ट असते.

आता खरी अडचण, जी बाकी कुठल्याच विषयात येत नाही. तुम्ही ज्यांच्या सवयींचा अभ्यास करणार आहात तेच लोक तुमचा अर्ज वाचणार आहेत. २०१० मध्ये यूजीसीचा एपीआय आला, म्हणजे शिकवणं, पेपर वगैरेंचे पॉइंट मोजून प्रमोशन सुरू झालं, आणि हजारो प्राध्यापकांनी जिथे जमेल तिथे पैसे भरून पेपर छापले, हे सगळ्यांना माहीत आहे. आज तेच लोक सीनियर आहेत, कमिटीवर आहेत. तुम्ही पहिल्याच पॅरेग्राफमध्ये "बोगस जर्नलचं पीक" असं लिहिलंत की समोरच्याच्या मनात त्याची स्वतःची पब्लिकेशन लिस्ट उघडते. हे काही खुशामतीसाठी सांगत नाहीये, अभ्यासाच्या दृष्टीनेही ते वाक्य कच्चंच आहे, कारण माणूस वाईट होता की नियमाने त्याला तिकडे ढकललं हेच तर तुम्हाला शोधायचंय. म्हणून नियमापासून लिहा. २०१० ला हा नियम आला, २०१८ च्या शेवटी यूजीसी-केअर या मान्य जर्नलांच्या यादीची घोषणा झाली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीच बंद केली, आणि जर्नल निवडायची जबाबदारी संस्थांवर टाकली. या तीन वळणांवर लोकांनी काय केलं एवढंच विचारा. आणि आत्ताच विचारायला हवं याचं कारणही आयतंच मिळतं, कारण आता प्रत्येक कॉलेजला स्वतःचे निकष बसवायचेत आणि हाताशी पुरावा काहीच नाही.

बाहेरचे संदर्भ द्या पण मोजके. २०१५ मध्ये सायकॉलॉजीचे १०० अभ्यास पुन्हा करून बघितले तेव्हा ३६ टक्क्यांमध्येच परिणाम पुन्हा दिसला, हे एक. इम्पॅक्ट फॅक्टरवर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात त्या आकड्यावर) माणूस मोजू नका असं सांगणारं डोरा डिक्लरेशन, सॅन फ्रान्सिस्को, २०१२, हे दुसरं. ग्रँट कोणाला द्यायची यासाठी काही ठिकाणी चक्क चिठ्ठ्या टाकतात, न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने २०१३ पासून आणि ब्रिटिश अकॅडमीने २०२२ पासून ते करून बघितलंय, अर्थात किमान दर्जा पार केलेल्या अर्जांमध्येच. तुमचा प्रश्न ग्रँटवाटपाचा असेल तर हे घाला, नाहीतर सोडून द्या, तीन पानांची जागतिक सफर कोणी वाचत नाही.

बजेटचं सांगते, इथे सगळेच अंदाज चुकवतात. डेटा फुकट आहे म्हणून खर्च नाही असं वाटतं, पण सगळा खर्च साफसफाईत जातो. मुंबई विद्यापीठ हेच नाव डेटाबेसमध्ये मुंबई, बॉम्बे, उलटसुलट शब्दक्रम, कॉलेजचं नाव आहे पण विद्यापीठाचं नाही, अशा कितीतरी रूपांत येतं. लेखकांची तर आणखी मजा, आडनाव आधी, आडनाव नंतर, वडिलांचं नाव मध्ये आहे किंवा नाही, लग्नानंतर आडनाव बदललं, आणि पाटील, जाधव, शिंदे किती असतील विचारूच नका. कॉम्प्युटर हे निम्मंच सोडवतो, बाकी कोणीतरी बसून हाताने जुळवायचं असतं. त्यामुळे लॅपटॉप आणि सॉफ्टवेअरवर पैसे टाकू नका, सॉफ्टवेअर फुकटची चालतात, पैसे रिसर्च असिस्टंटच्या महिन्यांवर टाका, आणि दोन असिस्टंट मागा, कारण जर्नल चांगलं की वाईट हे ठरवताना दोघांनी एकमेकांचं न बघता कोडिंग केलं, म्हणजे प्रत्येक जर्नलला आपापला शिक्का दिला, आणि मग किती जुळतं ते मोजलं तरच त्या आकड्याला अर्थ आहे. अर्जात हे कारण लिहा, मग दुसरा असिस्टंट कोणी कापत नाही. पगाराचे दर संस्थेने ठरवलेलेच लावायचे. प्रवास कमी दाखवा, मुंबईत लोकलच्या पासवर काम होतं आणि समितीलाही ते माहीत असतं.

मुलाखती किंवा सर्व्हे असेल तर एथिक्स कमिटी लागेल, कॉलेजात नसेल तर आधीच दुसऱ्या संस्थेशी बोलून ठेवा, ग्रँट आल्यावर नाही. नाव लपवलं की झालं असं समजू नका. एका कॉलेजच्या एका विभागात तीनच माणसं असतात, "दक्षिण मुंबईतल्या कॉलेजमधल्या फिजिक्सच्या सीनियर प्राध्यापिका" एवढं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. विषय आणि कॉलेज दोन्ही एकत्र द्यायचं नाही, हे प्रोटोकॉलमध्येच लिहून टाका. आणि डेटाला हात लावायच्या आधी तुमचा प्लॅन ओएसएफ या संशोधनाचे प्लॅन नोंदवायच्या वेबसाइटवर रजिस्टर करा, फुकट आहे. दुसऱ्यांची शिस्त तपासायला निघालेल्याने स्वतःची दाखवायलाच हवी, नाहीतर पहिला टोमणा तोच बसतो.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात. अमेरिकेत संशोधनाला सरकारी पैसे देणाऱ्या एनएसएफचा सायन्स ऑफ सायन्सचा प्रोग्रॅम आहे, ब्रिटनमध्ये सरकार आणि तिथली तशीच संस्था यूकेआरआय मिळून मेटासायन्स युनिट चालवतात, नेदरलँड्सच्या एनडब्ल्यूओ या तशाच संस्थेने २०१६ मध्ये जुने अभ्यास पुन्हा करण्यासाठी ३० लाख युरो वेगळे काढले होते. पण मुख्य अर्जदार तिथलाच लागतो असं धरून चला, तुम्ही त्यांच्या अर्जात भारताचा भाग सांभाळणारे म्हणून जाऊ शकता. त्यासाठी तुमच्याकडे साफ केलेला डेटा असायला हवा, नुसती इच्छा चालत नाही. आणि पैसे इकडे यायचे म्हणजे एफसीआरए, परदेशी देणग्यांचा कायदा, २०२० च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणी झालेल्या संस्थेने परदेशी देणगी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच घ्यायची आणि पुढे दुसऱ्या संस्थेला वाटायची नाही. तुमच्या ट्रस्टकडे नोंदणी आहे का, किंवा विद्यापीठाला सूट आहे का, हे अकाउंट्समध्ये विचारा, मगच तिकडच्या प्रोफेसरला हो म्हणा.

पैसे मंजूर झाले की ते हप्त्यांत येतात आणि दुसरा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचे पैसे कसे खर्च झाले त्याचा दाखला, गेल्याशिवाय सुटत नाही, फॉर्म जीएफआर १२-ए. त्यावर प्राचार्यांची सही लागते, सीएचा शिक्का लागतो, आणि मार्चमध्ये दोघंही भेटत नाहीत, म्हणून जानेवारीतच हिशोब बांधायला घ्या. असिस्टंटना मधल्या काळात पगार कुठून द्यायचा हे कॉलेजशी आधी लेखी ठरवा, तोंडी नको. शेवटचा हप्ता तर फायनल रिपोर्ट मान्य झाल्यावर येतो, तोपर्यंत तो खर्च कॉलेजने केलेला असतो, तेव्हा ट्रस्टींना सुरुवातीलाच सांगून ठेवा.

रिपोर्टसोबत साफ केलेला डेटा नावं काढून खुल्या ठिकाणी टाका, आणि विद्यापीठाच्या नावाची ती सगळी रूपं जुळवलेली यादी वेगळी फाइल म्हणून टाका, पुढच्या माणसाचं निम्मं काम तिथेच वाचेल.