न्यू जर्सीत नवीन आलात? शाळा बघितलीत, आता शाळेचं बोर्डही बघा

नवीन आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठल्या टाउनच्या शाळा चांगल्या. मग साइटवर रेटिंग बघून एडिसन, साउथ ब्रन्सविक, वेस्ट विंडसर असं काहीतरी ठरतं, अपार्टमेंट मिळतं, लीज आणि लाइटबिल दाखवून, लसीकरणाचे कागद देऊन मुलांची नावं घातली जातात, आणि आपलं काम संपलं असं वाटतं. ती शाळा कोणाच्या मतावर चालते हे पुढची दोन-तीन वर्षं कळतच नाही, आणि कळतं तेव्हा बहुतेक वेळा बस बंद झालेली असते.

तर थोडक्यात. इथे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे साधारण एका टाउनच्या सरकारी शाळांना मिळून, स्वतःचं बोर्ड ऑफ एज्युकेशन असतं. बहुतेक ठिकाणी नऊ मेंबर, तीन वर्षांची टर्म, दरवर्षी तीन जागा निवडणुकीला. मानधन शून्य, राज्याचा कायदाच तसा आहे. म्हणजे दिवसभर आपापली नोकरी करायची आणि संध्याकाळी सातला हायस्कूलच्या हॉलमध्ये येऊन रात्री दहा-अकरापर्यंत लोकांची बोलणी ऐकायची. ठरवतात काय, तर बजेट, सुपरिंटेंडंट म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी कोण, सुट्ट्यांचं कॅलेंडर, अभ्यासक्रमाला मंजुरी, कुठली गल्ली कुठल्या शाळेत जाणार. प्रॉपर्टी टॅक्सचा फार मोठा हिस्सा शाळांना जातो, आणि आपण भाड्याने राहतो म्हणजे आपला काय संबंध असं म्हणू नका, मालक तो टॅक्स तुमच्या भाड्यातूनच काढतो.

आता एक गोष्ट आपल्या लोकांना पचायला जड जाते. बोर्ड मेंबर म्हणजे आपल्याकडचा नगरसेवक नाही, की घरी जाऊन बसलं आणि काम करून घेतलं. मुलाला ऑनर्स मॅथमध्ये घेतलं नाही, अमुक टीचर बदलून द्या, यासाठी त्यांना फोन करून उपयोग नाही. न्यू जर्सीच्या आचारसंहितेत लिहिलेलंच आहे की मेंबरचं काम शाळा चालवणं नाही, त्या नीट चालतायत ना हे बघणं आहे. आधी टीचर, मग प्रिन्सिपल, मग सुपरिंटेंडंट, आणि तिथे अडलं तरच बोर्ड. जो मेंबर पार्टीत सांगतो ना की मला मेसेज टाका, मी बघतो, त्याच्याबद्दल मला तरी जरा शंकाच येते.

आमच्या टाउनमध्ये एक मराठी ताई बोर्डावर आहेत, आता परत उभ्या राहतायत. नवीन लोक मला विचारतात, आपल्याच आहेत ना, मग मत त्यांनाच. अहो थांबा जरा. आपल्या आहेत हे ठीक, गणपतीला मोदक पण छान आणतात, पण तीन वर्षांत त्यांनी हात कशावर वर केला ते बघा की. सगळं मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या लेखी नोंदीत असतं, प्रत्येक ठराव, कोण हो म्हणालं, कोण नाही, कोण गप्प बसलं.

बसचंच घ्या. राज्याच्या नियमाने आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून दोन मैलांपेक्षा लांब असेल आणि नववीच्या पुढे अडीच मैलांपेक्षा, तर डिस्ट्रिक्टला बस द्यावीच लागते. त्याच्या आतल्या मुलांना जी बस मिळते ती कर्टसी बस, म्हणजे डिस्ट्रिक्टची मेहरबानी, आणि पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड तिच्यावर. आपले बरेच लोक हायवेलगतच्या कॉम्प्लेक्समध्ये राहतात, शाळा पावणेदोन मैलांवर, मध्ये सहा लेनचा रस्ता आणि फुटपाथ अर्ध्यात संपलेला. आमच्याकडे एका वर्षी राज्याची मदत घटली आणि ही बस फुकट राहिली नाही, ज्यांना हवी त्यांनी वर्षाचे पैसे भरा असं झालं. ताईंनी त्या बजेटला हो म्हटलं. ग्रुपवर काय गदारोळ झाला विचारू नका. मलाही राग आला होता, दोन मुलांचे पैसे भरायचे होते. पण त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये आकडे घेऊन सांगितलं की टॅक्स वर्षाला साधारण २ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, ती राज्याचीच मर्यादा आहे, हेल्थ इन्शुरन्स आणि पगार त्याहून जोरात वाढतात, मग एक तर बस नाहीतर प्राथमिकचे रीडिंग स्पेशालिस्ट. मला ते पूर्ण पटलं असं नाही, त्या रस्त्याचा विचार आधी व्हायला हवा होता असं अजूनही वाटतं, पण शिव्या खाऊन समोर उभं राहून हिशोब देणारी बाई मला चालते. त्याच बजेटला नाही म्हणून टाळ्या घेणारे दोघं होते, मग काय कापायचं यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीचंही तसंच. प्रचारात सगळेच म्हणतात आम्ही दिवाळीची सुट्टी देऊ. शाळा १८० दिवस भरावीच लागते, त्यामुळे इकडे एक दिवस दिला की तो दुसरीकडून काढायचा, नाहीतर जूनमध्ये शाळा एक दिवस पुढे जाते, आणि त्यात बर्फाच्या सुट्ट्या लागल्या की आणखी पुढे. सुट्टी देऊ म्हणणाऱ्याला विचारा, कुठला दिवस काढणार.

मीटिंगला जायला सिटिझन असायची गरज नाही. अजेंडा आधी साइटवर येतो, बऱ्याच ठिकाणी यूट्यूबवर लाइव्ह पण असतं. नाव आणि टाउन सांगायचं आणि बोलायचं, साधारण तीन मिनिटं मिळतात, घड्याळ समोर चालू असतं. लिहून न्या, नाहीतर पहिलं मिनिट नमस्कार-चमत्कारातच जातं. लगेच उत्तर मिळेल अशी अपेक्षा नको, ते ऐकून घेतात आणि उत्तर नंतर येतं, कधी येतही नाही. क्लोज्ड सेशनला सगळे उठून आत गेले म्हणजे काही कट शिजतोय असंही नाही, नोकरभरती, कोर्टकचेऱ्या, एखाद्या मुलाचं प्रकरण, हे आतच बोलतात. बजेटचा सीझन मार्च ते मेच्या सुरुवातीपर्यंत, गंमत बघायची तर तेव्हा जा.

आता निवडणूक. उभं राहायचं तर जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारपर्यंत काउंटी क्लर्ककडे पिटिशन, म्हणजे उमेदवारीचा अर्ज, द्यावी लागते, मत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरमध्ये. बॅलटवर पक्षाचं नाव नसतं आणि स्कूल बोर्डाची नावं प्रेसिडेंट, गव्हर्नर, मेयर सगळ्यांच्या नंतर कुठेतरी कोपऱ्यात असतात, त्यामुळे लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. टाउनच्या निवडणुकीत थोडक्या मतांनी इकडचं तिकडे होतं ते त्यामुळेच.

इथून पुढचं नीट वाचा, कारण यात चूक झाली तर प्रकरण इमिग्रेशनपर्यंत जातं. ग्रीन कार्ड असो की एचवनबी, मत देता येत नाही, नाव नोंदवायचंही नाही. मोटर व्हेइकलच्या ऑफिसात लायसन्स काढताना मतदार नोंदणीचं विचारतात, २०१८ पासून तर ती आपोआपच होते नको म्हटलं नाही तर, तेव्हा तिथे स्पष्ट नको म्हणा. सॅन फ्रान्सिस्कोत सिटिझन नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डाला मत देता येतं हे खरंय, २०१६ मध्ये तिथल्या लोकांनीच ते मंजूर केलं, पण तो तिथला नियम, इथे नाही.

पैशांचंही तसंच. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते. एचवनबी, एल, एफ व्हिसावाल्यांना फेडरल कायद्याने बंदी आहे, आणि ती टाउनच्या निवडणुकीलाही लागू. फंडरेजर डिनरचं तिकीट म्हणजे देणगीच, दुकानाच्या खर्चाने पाट्या छापून देणं पण देणगीच. कोणी ओळखीत म्हणाला अरे काही नाही होत, तर हसून नको म्हणा. मात्र फुकट काम करता येतं, पत्रकं वाटा, फोन करा, दारोदार फिरा, फक्त प्रचाराचे निर्णय घेणाऱ्या कमिटीत बसू नका.

मराठी मंडळाच्या लोकांसाठी एक वेगळं. गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन प्रचारात, आणि त्या आठवड्यात अचानक सगळे उमेदवार कुर्ते घालून आरतीला. येऊ देत, प्रसाद घेऊ देत. पण मंडळ ना-नफा संस्था म्हणून ५०१ सी ३ मध्ये रजिस्टर असेल तर स्टेजवरून यांनाच मत द्या असं म्हणता येत नाही, मंडळाच्या ईमेल लिस्टवरून पण नाही. सगळ्या उमेदवारांना सारखी संधी देऊन फोरम घेता येतो, आणि तो घ्याच.

प्रचार नेहमीच गोड असतो असं समजू नका. २०१७ मध्ये एडिसनच्या स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत जेरी शी आणि फाल्गुनी पटेल या दोघांचे फोटो छापून, त्यावर डिपोर्ट असा शिक्का मारलेली पत्रकं लोकांच्या घरी पोस्टाने आली होती. दोघंही निवडून आले. आमच्या ताईंच्या पाट्या रात्रीतून गायब होतात, ते त्यामानाने किरकोळ.

प्रचाराला दारोदार फिरणार असाल तर शनिवारी सकाळी दहानंतर, त्याआधी लोक चिडतात. मेलबॉक्समध्ये पत्रक टाकायचं नाही, ती फक्त पोस्टाची, दाराला अडकवा. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारापासून शंभर फुटांच्या आत टी-शर्ट, बिल्ला काहीही नको. सिटिझन झालेले तुमचे शेजारी असतील त्यांना आठवण करा की मतदानाच्या आधी, आदल्या रविवारपर्यंत, नऊ दिवस अर्ली व्होटिंग असतं, तिथे रांग कमी. कोणीही निवडून आलं तरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शपथविधी होतो, कमिट्या नंतर ठरतात, त्यात फायनान्स कमिटीवर कोण गेलं ते लिहून ठेवा, मार्चमध्ये बसबद्दल विचारायला त्यांच्याकडेच जायचंय.